फीच्या पावतीपासून अर्थिंगच्या खड्ड्यापर्यंत: पोरांच्या पैशातून कॉलेजचा संगणक कक्ष कसा सुधारावा

मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात मी चौदा वर्षं संगणक कक्ष सांभाळला. तेवढ्या काळात पोरांच्या पैशातून मोठी म्हणावी अशी खरेदी दोनदा झाली. पहिल्यांदा नॅकच्या, म्हणजे कॉलेजला दर्जा देणाऱ्या संस्थेच्या, तपासणीच्या तोंडावर भिंतीएवढा टच पॅनेल आला. समिती आली, फोटो निघाले, समिती गेली. पुढच्या दीड वर्षात त्या पॅनेलवर सगळ्यात जास्त काय चाललं असेल तर क्रिकेटची मॅच. दुसऱ्या खेपेला खर्च त्याच्या चौथाईसुद्धा नव्हता आणि फोटो काढण्याजोगं तर काहीच नव्हतं. जमिनीत अर्थिंगचा (गळती वीज जमिनीत सोडणारा) एक खड्डा, यूपीएसच्या नव्या बॅटऱ्या आणि जुन्या मशिनना एसएसडी, म्हणजे हार्ड डिस्कच्या जागी बसणारी वेगवान डिस्क. पण त्या वर्षी प्रॅक्टिकलच्या परीक्षेत ‘सर, माझं बंद पडलं’ म्हणत एकही पोरगं उठलं नाही.

ती दुसऱ्या खेपेची खरेदी कशी करायची, ते इथं सांगतो. वर्ग प्रतिनिधी, विद्यार्थी परिषदेतली पोरं-पोरी आणि त्यांना मदत करणारे प्राध्यापक डोळ्यांसमोर ठेवून लिहितोय. तुमचं कॉलेज छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठाला जोडलेलं असो (संभाजीनगर, जालना, बीड, धाराशिव) किंवा नांदेडच्या (नांदेड, लातूर, परभणी, हिंगोली), लागू होणारा कायदा एकच आहे: महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६.

विद्यार्थ्यांनी पैसे द्यायचे आणि ते कशावर खर्च करायचे हेही विद्यार्थ्यांनीच ठरवायचं, ही कल्पना काही हवेतली नाही. अमेरिकेत सिॲटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात नव्वदच्या दशकापासून ‘स्टुडंट टेक्नॉलॉजी फी’ आहे. विभागांनी प्रस्ताव मांडायचे आणि विद्यार्थ्यांच्या समितीनं ते तपासून मंजूर किंवा नामंजूर करायचे, अशी तिथली पद्धत. पोरांना लॅपटॉप, कॅमेरे उसने देणारी मोठी योजना याच पैशावर चालते. आपल्याकडं असा स्वतंत्र हक्क नाही. तरी जेवढी वाट कायद्यात आहे तेवढीही आपण चालत नाही, हे माझं दुखणं आहे.

आधी पावती काढा

प्रवेशाच्या दिवशी खिडकीवर मिळालेली फीची पावती बहुतेकांनी महाडीबीटीवर अपलोड केलेली असते आणि नंतर हरवलेली असते. ती शोधा. शिकवणी शुल्काखाली बारीक अक्षरात हेड, म्हणजे फीची वेगवेगळी खाती, दिसतील: ग्रंथालय, प्रयोगशाळा, संगणक किंवा इंटरनेट, ई-सुविधा, विद्यार्थी कल्याण निधी, अनामत. यातलं काही विद्यापीठाला जातं, काही कॉलेजकडंच राहतं. संगणक आणि इंटरनेटच्या नावानं कॉलेजकडं राहणारी रक्कम विद्यार्थीसंख्येनं गुणा. ६०० पोरं आणि १०० रुपये असतील तर दर वर्षी ६०,००० झाले. म्हणजे नवी वर्गणी काढायच्या आधीच तुम्ही पैसे दिलेले आहेत. ते गेले कुठं, एवढाच प्रश्न.

तो विचारायची रीत असते. ऑफिसात जाऊन काउंटरवर विचारलंत तर ओएस (कार्यालय अधीक्षक) साहेब चष्म्यावरून बघून म्हणतील, “कशाला पाहिजे रे तुला?” तिथं वाद घालू नका. प्राचार्यांच्या नावे साधा अर्ज लिहा: मागच्या तीन वर्षांत अमुक हेडखाली जमा किती, खर्च किती, शिल्लक किती. अर्जाच्या दोन प्रती न्या, एकीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. शिक्का नसलेला अर्ज म्हणजे दिलेलाच नाही असं धरा. माझ्या अनुभवात निम्म्या वेळा एवढ्यावरच उत्तर येतं, कारण शिक्का पडला की कागद फाइलला लागतो आणि फाइल कुणालातरी उघडावी लागते.

नाहीच आलं तर माहितीचा अधिकार. सरकारी आणि अनुदानित कॉलेजांना तो लागू आहे. १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावा. महाराष्ट्राच्या नियमाप्रमाणं एका अर्जात एकच विषय आणि तोही १५० शब्दांत बसवायचा असतो, तेव्हा भाषण लिहू नका. ३० दिवसांत उत्तर यायला हवं. नाही आलं तर २० रुपयांच्या स्टँपवर पहिलं अपील. हे हत्यार मात्र शेवटी काढायचं. पहिल्याच दिवशी काढलंत तर पुढं ज्यांच्या सहीवर तुमचं काम होणार आहे, त्यांच्याशीच दोन वर्षं बोलणं बंद.

१९७४ चं मराठवाडा विकास आंदोलन विद्यार्थ्यांनी उभं केलं होतं. रस्त्यावर उतरायला आपल्या पोरांना शिकवावं लागत नाही. जमा-खर्चाचा तक्ता वाचायला मात्र कुणी शिकवत नाही.

पंधरा दिवस फक्त लिहून काढा

काय विकत घ्यायचं हे ठरवण्याआधी काय बिघडलंय ते कळलं पाहिजे. पोरांना विचारलंत तर शंभरातली नव्वद म्हणतील ‘वाय-फाय’. खरं दुखणं बहुतेक वेळा वेगळंच निघतं.

दोनशे पानी वही घ्या आणि सुतळीनं संगणक कक्षाच्या दाराला बांधा. पाच रकाने पुरेत: तारीख, वेळ, मशिन नंबर, काय झालं, किती वेळ गेला. पंधरा दिवस प्रत्येक बॅचनं लिहायचं. आमच्या वहीचं एक पान मला अजून आठवतं. मशिन ७, ११ आणि १२ पुन्हा पुन्हा. वेळ बहुतेक दुपारी दोन ते चार. ‘काय झालं’ या रकान्यात ‘आपोआप बंद’, ‘हँग’, आणि एका पोरीनं लिहिलेलं ‘हात लावला की झिणझिण्या येतात’.

त्या झिणझिण्यांनीच सगळा उलगडा केला.

वीज, म्हणजे खरं तर माती

आमच्या वायरमननं मल्टिमीटर आणला. सॉकेटमध्ये फेज आणि न्यूट्रलच्या मध्ये २३०च्या आसपास व्होल्ट आले, ते बरोबर होतं. मग न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामध्ये मोजलं. हा आकडा दोन-तीन व्होल्टच्या आत असला पाहिजे. आमच्याकडं ३८ आला. म्हणजे अर्थिंगची तार भिंतीतून निघून जमिनीपर्यंत पोचत होती, पण जमीन तिला धरत नव्हती.

कक्षाच्या मागं लिंबाच्या झाडाखाली अर्थिंगचा खड्डा होता. त्याचं झाकण कधीच भंगारात गेलं होतं आणि वर गुटख्याच्या पुड्या साचलेल्या. मराठवाड्यातली काळी माती उन्हाळ्यात वाळून हातभर भेगाळते, कुठं मुरमाखाली लगेच खडक लागतो. ओल गेली की मातीतून वीज वाहत नाही. आमच्या शिपाई मामांनी त्याच दिवशी दोन बादल्या पाणी ओतलं. तासाभरानं मोजलं तर आकडा ९ वर आला. मामा म्हणाले, “सर, गावात पाण्याचा टँकर चालू हाय, आन् आपण जमिनीला पाजायलो.” त्यांचंही बरोबर होतं. पाणी ओतणं हा तात्पुरता इलाज. नंतर परवानाधारक वायरमनकडून केमिकल अर्थिंगचा (ओल धरून ठेवणारं मिश्रण भरलेला) नवा खड्डा करून घेतला, तेव्हा आकडा दीडवर आला आणि तिथंच राहिला. सॉकेटमधली मोजणी त्याच्याकडूनच करून घ्या, विद्यार्थ्यांनी स्वतः तारा घालून बघू नये.

खराब अर्थिंग आणि वरखाली होणारा दाब मदरबोर्ड आणि पॉवर सप्लाय हळूहळू मारतात. आपण त्याला ‘कंपनीच खराब’ म्हणतो आणि तशाच भिंतीला नवी मशिन जोडतो. म्हणून पहिला रुपया इथंच घाला.

त्यानंतर यूपीएस. इथं विक्रेता सांगेल त्यावर जाऊ नका, हिशेब सोपा आहे. एक डेस्कटॉप आणि त्याचा मॉनिटर मिळून साधारण १०० वॅट धरा. २० मशिन म्हणजे २,००० वॅट. त्याला ३ केव्हीएचा (केव्हीए म्हणजे यूपीएस किती भार पेलतो त्याचं माप) यूपीएस जेमतेम पुरतो, ५ केव्हीए घेतला तर पुढं चार मशिन वाढवता येतात. बॅकअप किती मिळेल? १२ व्होल्ट, ४२ अँपिअर-अवरच्या ८ बॅटऱ्या असतील तर १२ गुणिले ४२ गुणिले ८ म्हणजे ४,०३२ वॅट-अवर. यातले साधारण ७० टक्केच कामाला येतात असं धरलं तर २,८०० च्या आसपास. भागिले २,००० केलं की सव्वा ते दीड तास. बॅटरी म्हातारी होईल तसा तो वेळ निम्म्यावर येतो. लेझर प्रिंटर यूपीएसवर कधीच लावू नका, तो सुरू होताना एकदम एवढी वीज खेचतो की सगळी लाइन बसते. आणि यूपीएस पश्चिमेच्या भिंतीला, पत्र्याच्या खोलीत ठेवू नका. मे महिन्यात बाहेर बेचाळीस-त्रेचाळीस अंश असताना त्या खोलीत बॅटरीचं आयुष्य झपाट्यानं संपतं. आमच्या दुपारच्या ‘हँग’चं दुसरं कारण नुसती धूळ होती. ब्लोअरनं कॅबिनेट साफ केल्यावर मशिन ११ आणि १२ ची नावं वहीतून गेली.

फुकटात काय मिळतं ते आधी संपवा

पोरांच्या पैशातून लायसन्स घ्यायचं ठरलं की मी आधी हात धरतो. ग्रंथालयाला सॉफ्टवेअर पाहिजे? ‘कोहा’ मुक्त आहे, पैसे लागत नाहीत. सरकारी एनआयसीचं ‘ई-ग्रंथालय’ही आहे. जर्नल पाहिजेत? गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटची ‘एन-लिस्ट’ ही ऑनलाइन जर्नल-पुस्तकांची सेवा आपल्या कॉलेजनं घेतली आहे का, एवढं ग्रंथपालांना विचारा. पुष्कळ ठिकाणी ती घेतलेली असते आणि पासवर्ड कुणाला माहीत नसतो. सरकारी संस्थेत असाल तर १ जानेवारी २०२५ पासून ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ सुरू झालंय, त्यात जर्नलचा मोठा साठा उघडा आहे. प्रोग्रॅमिंग शिकायला आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरिअल आहेत, त्यातले बरेच मराठीतही.

एक तातडीची गोष्ट. विंडोज १० ला मिळणारा मोफत सपोर्ट, म्हणजे सुरक्षेचे अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. कॉलेजातली निम्मी मशिन विंडोज ११ घेत नाहीत आणि मग कुणीतरी म्हणतं, सगळी भंगारात काढा. थांबा. आठ-दहा वर्षं जुन्या मशिनला एसएसडी आणि ८ जीबी रॅम घाला, लिनक्स मिंट टाका, लिबर ऑफिस द्या. सी, पायथन, डीटीपीची तोंडओळख, इंटरनेट, सगळं चालतं. मराठी टायपिंगही चालतं. टॅली किंवा विंडोजशिवाय न चालणारं काही अभ्यासक्रमात असेल तेवढीच चार-पाच मशिन नवी घ्या. आमच्याकडं सुरुवातीला बीकॉमची पोरं कुरकुरली, ‘हे वेगळंच दिसतंय’ म्हणून. पंधरा दिवसांनी कुणी बोललं नाही.

पैसा उभा करताना

पहिला स्रोत म्हणजे त्या हेडमधली शिल्लक, जी तुम्ही अर्ज करून काढली. पुष्कळदा तेवढी पुरते.

दुसरा स्रोत फारसा कुणाच्या लक्षात येत नाही: अनामत. ग्रंथालय आणि प्रयोगशाळेची अनामत पदवीनंतर परत मिळते, पण दोन-चारशे रुपयांसाठी उदगीरहून किंवा गेवराईहून एसटीचं तिकीट काढून कोण येतं? ती रक्कम वर्षानुवर्षं पडून राहते. शेवटच्या वर्षाच्या पोरांना निरोप समारंभाच्या आठवड्यात एक छापील संमतिपत्र द्या: ‘माझी अनामत संगणक कक्षासाठी वापरावी’, आणि त्याच्या शेजारी ‘मला परत हवी’ असाही चौकोन. दुसरा चौकोन ठेवलाच पाहिजे. ज्याच्या घरी त्या वर्षी सोयाबीन गेलंय, त्याला ते चारशे रुपये लागतात.

तिसरा स्रोत माजी विद्यार्थी. त्यांना रोख मागू नका, वस्तू मागा. पुण्यात नोकरीला लागलेला मुलगा ‘कॉलेजला देणगी दे’ म्हटलं की गप्प बसतो, ‘मशिन ७ ला एसएसडी दे’ म्हटलं की त्याच दिवशी ऑर्डर टाकतो.

आता वर्गणीबद्दल. सगळ्यांकडून सरसकट शंभर-शंभर गोळा करायचा मोह होतो. तिथं दोन गोष्टी आडव्या येतात. कॅपिटेशन फीला बंदी घालणारा महाराष्ट्राचा १९८७ चा कायदा आहे, ठरलेल्या फीपेक्षा जास्त रक्कम कॉलेजला सक्तीनं घेता येत नाही. दुसरी गोष्ट कायद्यापेक्षा मोठी: शिष्यवृत्तीवर शिकणाऱ्यांच्या नव्या हेडचे पैसे शासन भरेलच असं नाही, म्हणजे ते त्यांच्या खिशातून जातात. तेव्हा वर्गणी ऐच्छिकच ठेवा, कॉलेजची छापील पावती द्या, पैसे कॉलेजच्या खात्यात भरा. वर्ग प्रतिनिधीच्या फोनपेवर पैसे जमा करायचे नाहीत. माझ्या डोळ्यांदेखत एका चांगल्या, प्रामाणिक पोरावर साडेचार हजारांच्या हिशेबावरून संशय आला. त्यानं पैसे खाल्ले नव्हते. त्यानं लिहून ठेवलं नव्हतं.

ठराव कुठं करून घ्यायचा

२०१६ च्या कायद्यात कलम ९७ खाली महाविद्यालय विकास समिती आहे. तिची वर्षातून किमान चार वेळा बैठक व्हायला पाहिजे. तिच्या कामांमध्ये वार्षिक अंदाजपत्रक तयार करणं, अंदाजपत्रकात नसलेल्या नव्या खर्चाचे प्रस्ताव करणं आणि शिकवण्यात माहिती तंत्रज्ञानाचा वापर वाढवण्यासाठी शिफारशी करणं, हे सगळं लिहिलेलं आहे. आणि विद्यार्थी परिषदेचे अध्यक्ष व सचिव या समितीचे सदस्य असतात. परिषद तुमच्याकडं कागदावरच असेल तर एखाद्या शिक्षक सदस्याला धरा, प्रस्ताव त्यांच्या हातून जाऊ द्या.

प्रस्ताव दोन पानांच्या वर नको. पहिल्या पानावर दाराच्या वहीचा गोषवारा: पंधरा दिवसांत किती तक्रारी, किती तास वाया, कोणती मशिन. दुसऱ्यावर काय हवं, अंदाजे किती, कोणत्या हेडमधून आणि पुढची तीन वर्षं देखभाल कोण करणार. ही शेवटची ओळ बहुतेकजण लिहीत नाहीत आणि संस्थाचालक नेमकं तेच विचारतात. बैठकीच्या आधी प्राचार्यांना एकदा एकट्यानं भेटून प्रस्ताव दाखवा. भर बैठकीत पहिल्यांदा कळलेली गोष्ट कुठलाही प्राचार्य ‘पुढच्या वेळी बघू’ म्हणूनच टाळतो. बैठकीनंतर इतिवृत्तात ठराव क्रमांक पडला का, ते बघा. नुसतं ‘चर्चा झाली’ असं लिहिलं असेल तर काहीच झालेलं नाही.

कोटेशन आणि माल

तीन कोटेशन मागतात हे सगळ्यांना माहीत आहे. तीनही एकाच दुकानदारानं तीन लेटरहेडवर दिलेली असतात, हेही सगळ्यांना माहीत आहे. यावर उपाय म्हणजे मागणी तुम्ही लिहा: वस्तू, क्षमता, वॉरंटी किती वर्षांची आणि जागेवर येऊन की दुकानात नेऊन, बसवणी धरून की वेगळी. मग तुलनात्मक तक्त्यात लपवायला जागा राहत नाही. एखादं कोटेशन संभाजीनगर किंवा नांदेडहून मागवा. पण निव्वळ स्वस्त म्हणून लांबचा विक्रेता घेऊ नका, यूपीएस बंद पडल्यावर तो दीडशे किलोमीटरवरून येत नसतो. सरकारी खरेदीच्या जेम पोर्टलवरचा भावही बघून ठेवा, घासाघीस करायला उपयोगी पडतो.

आणि जीएसटी. कोटेशनच्या तळाला बारीक अक्षरात ‘कर वेगळा’ असतं. ६०,००० वर १८ टक्के म्हणजे १०,८०० रुपये. आमचा पहिला हिशेब इथंच फसला होता आणि चार एसएसडी कमी घ्याव्या लागल्या.

माल येईल त्या दिवशी दोन विद्यार्थी हजर राहू द्या. खोका उघडताना मोबाइलवर व्हिडिओ काढा, सिरीयल नंबर बिलाशी ताडून बघा. बॅटरीवरची उत्पादनाची तारीख वाचा, दुकानात वर्षभर पडलेली बॅटरी नवी म्हणून येते. मग जडवस्तू संग्रह नोंदवहीत, म्हणजे सगळे ज्याला डेड स्टॉक म्हणतात त्यात, नोंद करून पान क्रमांक बिलावर टाका. बिल मंजूर व्हायच्या आधी हे झालं पाहिजे, नंतर कुणी करत नाही.

जुनी मशिन, मॉनिटर, बॅटऱ्या भंगारवाल्याच्या गाड्यावर टाकू नका. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, तेव्हा हा कचरा नोंदणीकृत पुनर्चक्रण (रिसायकलिंग) करणाऱ्यालाच द्या. बॅटऱ्या मात्र नवीन घेताना विक्रेत्यालाच परत द्या, बायबॅकचे पैसे कोटेशनमध्ये धरून घ्या.

पुढच्या वर्षीच्या पोरांसाठी

तुम्ही दोन-तीन वर्षांत निघून जाणार. म्हणून एक फाइल करा: अर्जाची शिक्क्याची प्रत, ठरावाची प्रत, तुलनात्मक तक्ता, बिलं, वॉरंटी कार्ड, वायरमनचा नंबर. एक प्रत कक्षात, एक ग्रंथालयात. जमा-खर्चाचं एक पान नोटीस बोर्डावर लावा, काचेच्या आत, म्हणजे कुणी फाडणार नाही.

दाराची वही काढू नका. काम झाल्यावर ती बंद करायचा मोह होतो, पण बॅटऱ्या तीन-चार वर्षांनी थकतात आणि ते आधी तिथंच दिसतं. दर वर्षी फेब्रुवारीत, ऊन तापायच्या आधी, वायरमनला बोलावून न्यूट्रल आणि अर्थमधले व्होल्ट मोजून घ्या आणि तो आकडा तारखेसह वहीच्या पहिल्या पानावर लिहा. मी निघालो त्या वर्षी तिथं १.६ होता.